घड्याळं मागे गेली त्या दिवशी

स्किप्टन सोडून केअर होमला जाताना
विनिफ्रेडबाईंनी कुंपणावरून कासव दिलं.
नाव हर्बर्ट. वय साठच्या पुढे.
"उठला की फोन कर," एवढंच म्हणाल्या.

तीन आठवडे काकडीला तोंड नाही.
कणीक मोजते त्याच काट्यावर
सकाळी भरला चौदाशे वीस ग्रॅम.

आता झुडपाखाली माती उपसतोय.
दमतो, थांबतो,
मान बाहेर काढून माझ्याकडे बघतो,
की माझ्यामागच्या उन्हाकडे, कळत नाही.
पुन्हा उपसतो.

आजोळच्या देवळात दगडी कासवाला
वळसा घालून आत जायचो.
इथे चहा गार होईतो
मी तिथल्या तिथेच.

शेवटी पाठीचा कवडीएवढा तुकडा उरला.
त्यावर पान पडलं.
उचलायला वाकले,
राहू दिलं.

विनिफ्रेडबाई एक्क्याण्णवच्या.
मार्च लांब आहे.