लिटरला पाच थेंब

लिटरला पाच थेंब.
गढूळ असेल तर दहा.
अर्धा तास थांबायचं, थंडीत जास्त,
आणि झाकण सैल करून बाटली जरा उलटी धरायची,
म्हणजे आट्यांत लपलेलं पाणीही शहाणं होतं.
लिंबू नंतर.
आधी पिळलंत तर आयोडीन लिंबूच पिऊन टाकतं,
तुमच्या वाट्याला नुसता ओढा.

हे मी एकोणीस वर्षं सांगत आले.
आठवडाभर रबाळ्याच्या लॅबमध्ये पिपेट धरणारा हात,
रविवारी खारघरच्या डोंगरावर तोच,
तीच तपकिरी बाटली,
आणि कातळावर ओळीनं मांडलेल्या पंधरा-वीस बाटल्या.
मी वाकून प्रत्येकीला औषध पाजायची
पाळणाघरातल्या बाईसारखी.

फणसवाडीच्या वर एकदा थेंब चुकला,
भाकरीवर पडला.
तांदळाची पांढरी भाकरी
बघता बघता काळीनिळी,
मुका मार लागल्यासारखी.
पोरं हसली. मी स्टार्चचा धडा दिला.
हौसाबाई हसली नाही.
"हे तर गुडघा फुटला की लावतात," ती म्हणाली,
"तुमच्या पोटात काय फुटलंय?"
तिच्या चुलीवर टोप खदखदत होता.
मी म्हटलं, उकळणं उत्तमच हो, पण वेळ फार जातो.
"मग जाऊ द्या की," म्हणाली,
"डोंगर कुठं चाललाय."

खरं ते सांगते.
मी घरीही घालायची.
नेरुळला नळाला मोरबेचं पाणी, काचेसारखं,
पण सोसायटीची टाकी मी एकदा उघडून पाहिली होती.
एकदाच. तेवढं पुरलं.
सकाळी माठात थेंब, मग देवाला दिवा.
चव कधीच जाणवेनाशी झाली होती.
पाहुणे अर्धा पेला ठेवून उठायचे,
मला वाटायचं, घाईत असतील.

दिवाळीनंतर गळ्यातली पोत आवळायला लागली.
दोन मणी वाढवून घेतले.
मग उंबऱ्याशी दम, भर डिसेंबरात अंगावर दोन शाली,
आणि केस, फणीत, मोरीत, भातात.

डॉक्टर तुंगेकर बाईंनी गळ्यावर बोटं ठेवली.
गिळा म्हणाल्या. गिळलं.
मीठ कुठलं? पुडीचं, सगळे खातात तेच.
आणि आणखी काही?
मी बाटली पर्समधून काढली
आणि टेबलावर ठेवली, चोरीचा माल ठेवावा तशी.
"प्रवासात काही आठवडे, ठीक आहे," त्या म्हणाल्या.
"एकोणीस वर्षं?"
पेन खाली ठेवलं त्यांनी.
शिवाय यानं सगळेच जंतू मरतात असं नाही,
एक-दोन चिवट जात उरतेच,
हे त्यांनी सहज सांगितलं, कागद लिहिता लिहिता.
त्यांच्या भिंतीवरच्या चित्रात ती ग्रंथी होती.
फुलपाखरू म्हणतात तिला.
मला ती टोपऱ्याची गाठ दिसली,
तान्ह्याच्या हनुवटीखाली बांधतात ती.

आणि शर्वाणी आठवली.
ओवे कॅम्पच्या वाटेनं चढलो होतो,
तिला तिसरा महिना होता, कुणाला सांगितलं नव्हतं.
मी तिच्या बाटलीत पाच टाकले,
पाणी जरा गढूळ वाटलं म्हणून आणखी पाच.
"एका दिवसाचं काही नसतं हो," डॉक्टर म्हणाल्या.
नसेल.
मुलगी आता ऐरोलीत तिसरीत आहे, खो-खो खेळते.
परवा भेटली तेव्हा मी तिच्या गळ्याकडेच बघत राहिले.
ती म्हणाली, काकू, माझी चेन नवीन नाहीये.

आता रविवारी मी टोप नेते.
हौसाबाई चुलीत एक लाकूड पुढे सारते, बोलत काही नाही.
पाणी उकळेपर्यंत पोरं कंटाळतात, दगड मारतात,
पाण्याला धुराचा वास येतो, तक्रार करतात.
मलाही ते मिळमिळीत लागतं. जीभ अजून जुनंच शोधते.

काल एकाचा गुडघा सोलवटला.
बाटली प्रथमोपचाराच्या डब्यातून निघाली.
"ताई, किती थेंब टाकताय?" तो ओरडला.
पाचवर थांबले होते मी, मोजत.

रिपोर्ट गुरुवारी मिळणार.