पाय काढ

क्लच दाबला की ओरडतं.
सोडला की गप्प.
आधी वाटलं पट्टा असेल. मग वाटलं, पाटणीपुऱ्याच्या त्या खड्ड्यानं
सायलेन्सर हलवला असेल.
शकूर मिस्त्रीनं पाना न उचलताच सांगितलं,
"बेअरिंग गया, भिया."
सामान साडेसातशेचं, पण गिअरबॉक्स उतरवावा लागणार.
म्हणजे बांगडीएवढ्या वस्तूसाठी
अख्खं पोट फाडायचं.
पुढच्या महिन्यात बघू, म्हटलं,
आणि रेडिओ मोठा केला.

ओम्नीचं इंजिन सीटखालीच असतं.
आपण गाडीत बसत नाही,
गाडीच्या छातीवर बसतो.

मंगळवारी दादांना घेऊन निघालो, एम.वाय.ला,
कानांच्या तपासणीसाठी.
साचेखात्यात जॉबर होते. मिल बंद पडून तीस वर्षं झाली,
पण माग अजून त्यांच्या कानांत चालू आहेत, असं आई म्हणते,
दुसरं काही आत शिरायला जागाच नाही.
घरात आम्ही त्यांच्याशी हातवाऱ्यांनी बोलतो,
आणि महत्त्वाचं काही असलं
तर बोलत नाही.

मालवा मिल चौकात लाल.
मी क्लच दाबून उभा, पहिला टाकलेला, पाय तयार.
खालून ती बारीक, लांबत जाणारी किंकाळी.
शेजारच्या स्कूटरवाल्या बाईनं वळून पाहिलं.
मी निर्धास्त. दादांना कुठं ऐकू येतंय.

दादांनी मांडीखाली हात सरकवला,
तळवा सीटवर टेकवला,
डोळे मिटले.
"कधीपासून?"
मी दोन बोटं दाखवली.
"आठवडे?"
मान हलवली. खोटी.
"ग्रीस संपलंय. छर्रे कोरडे फिरताहेत.
पाय काढ."
मी बघत राहिलो.
"न्यूट्रल कर आणि पाय काढ.
काम नाही तिथं कशाला पाय देऊन ठेवलायस?"

काढला.
गाडी एकदम निवली.

तिथून लँटर्नपर्यंत ते बोलत होते,
मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं, काच खाली:
लांबून हिरवा दिसला म्हणून हावरटासारखा धावू नको.
इंदुरात कुणाचं काही अडलेलं नाही तुझ्यावाचून.
ॲक्सिलरेटर सोड. उतरू दे इंजिन, उतरू दे अजून.
आता. दांडी. मूठ नको, बोटं.
आणि तिसरा, काही न दाबता,
कुणी आतून दार उघडावं तसा पडला.

दुसऱ्यांदा करायला गेलो तर दात असे कडकडले
की मागचा लोडिंगवाला शिवी द्यायची विसरून हसला.
दादाही हसले.
आवाज त्यांना टाचेत पोचला होता.

तपासणीच्या खोलीत एका मुलीनं त्यांना हेडफोन लावला.
आवाज आला की बोट वर करा.
बोट गुडघ्यावरच राहिलं.
मग कानामागच्या हाडावर एक डबी टेकवली,
बटणं फिरवत राहिली,
आणि सगळ्यांत जाड्या सुराला, फक्त त्याला,
बोट वर.
"हे ऐकू नाही आलं त्यांना," ती मला म्हणाली, "जाणवलं.
रिपोर्टमध्ये ते धरत नाहीत."

परत येताना पुन्हा मालवा मिलवरच लाल.
समोरच्या काचेकडं बघत मी म्हणालो,
दादा, पुण्याचं पत्र आलंय. दोन महिने झाले.
जावं की नाही, कळत नाही.
हे म्हणालो रेडिओइतक्याच आवाजात.
रेडिओ बंद होता.

त्यांचा तळवा मांडीखालीच होता.

"पाय," दादा म्हणाले.

खाली पाहिलं.
माझा डावा पाय, कधी गेला कोण जाणे,
पुन्हा पेडलवर होता,
अर्धा दाबलेला.