वडसर पुलाजवळ, सहा ते दहा

फोल्डिंगची खुर्ची, मांडीवर पॅड, दोन पेनं,
त्यातलं एक संपत आलेलं.
गणकाचं नाव : हेमांगी ढमढेरे.
हवामान : स्वच्छ, असं लिहून टाकलंय.
खरं तर विश्वामित्रीवरून धुकं येतंय अजून
आणि धुक्याला वास आहे.

चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
पहिल्या तासात दुचाकी सहाशे बारा.
त्यानंतर मी नाही मोजत, बोटंच मोजतात.

प्रस्तावित : बावीस मजल्यांचे चार मनोरे,
तळघरात आठशे मोटारी,
एकूणएक गॅलरी नदीच्या बाजूला.
इतकी वर्षं आपण हिच्याकडे पाठ करून जेवलो, झोपलो,
गटारं तेवढी हिच्याकडे वळवली.
आता हिच्या दर्शनाचे
चौरस फुटामागे वेगळे पैसे.

तक्त्यात प्रत्येकाचं वजन ठरलेलं आहे.
मोटार म्हणजे एक. सायकल, अर्धी.
हातगाडी, तीन. बैलगाडी, आठ.
कलालीकडून चारा घेऊन एक म्हातारा आला,
बैलाच्या शिंगाला फाटका निळा रिबन.
मागे हॉर्नची रांग, त्याचं लक्ष बिडीत.
सांगावंसं वाटलं, काका,
तुम्ही एकटे आठ जण आहात.

रेवी दातण विकते.
बाभळीच्या काड्यांची मोळी डोक्यावर,
गिऱ्हाईक दिसेल त्या बाजूला जाते.
साडेआठपर्यंत चौदा वेळा रस्ता ओलांडला तिनं.
चौदा पादचारी लिहू, की एक?
केतुल म्हणाला, चौदा.
रस्त्याला माणूस कळत नाही, ओलांडणं कळतं.

मग रेती घेऊन अकरा गाढवं.
गाडीला जुंपलेली नाहीत,
म्हणून ‘जनावरांची वाहने’ ह्यात बसत नाहीत.
पायी चालतात, पण पादचारी म्हणवत नाही.
अकरा जणांना मी समासात उभं केलं.

केतुलकडे आवाजाचं यंत्र आणि झाडांचा फॉर्म.
तीस सेंटिमीटर घेर भरला तर झाड,
नाही तर झुडूप, आणि झुडपं मोजत नाहीत.
पुलाच्या कठड्यातून वड उगवलाय, मनगटाएवढा.
त्यानं टेप लावली, काढली,
पुन्हा जरा सैल लावली.
तरी भरेना.

‘जो, बेठो छे,’ रेवी म्हणाली.
पलीकडच्या चिखलावर चिखलाचाच एक तुकडा,
त्याला तोंड, त्याला ऊन हवं होतं.
मागल्या पुरात तो हिच्या लारीखाली येऊन बसला होता.
वनखात्याची पोरं आली,
जबड्याला चिकटपट्टी, डोळ्यांवर ओलं गोणपाट,
आणि गाडी मिळेना म्हणून रिक्षात घातला.
मी मनात टिपून घेतलं :
रिक्षा, एक. प्रवासी, मगर.
भाडं कोणी दिलं ते तिला आठवत नाही.

साडेनऊला देवस्थळे सरांचा अहवाल मोबाइलवर.
‘आकडे आले की सातवा तक्ता भर, बाकी तयार आहे.’
बाकी म्हणजे निष्कर्ष.
वाहतुकीवरील परिणाम : मर्यादित.
परिसरावरील परिणाम : उपाययोजनेनंतर नगण्य.
माझी बोटं अजून रेघा ओढत होती,
चार उभ्या, पाचवी आडवी,
आणि उत्तर कधीच टाइप होऊन बसलं होतं,
डावी-उजवी कड सारखी करून.

पान एकोणचाळीसवर मात्र
एका जागी नदीचं नाव बदलायचं राहून गेलंय.
तिथं अजून साबरमतीच वाहते,
कुठल्या तरी जुन्या अहवालातून.
दुरुस्त करायला एक शब्द. अंगठा नेलाही होता.

राहू दिला.
जनसुनावणीला दोनशे पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवतात,
बहुतेक लोक चहाकडे बघतात.
पण एखादा चष्मा पुसून वाचणारा निघतोच,
आणि तो बोट ठेवून, मोठ्यानं,
विचारेल, ही कुठली नदी?

दहाला दोन मिनिटं कमी.
पेन खरखरतंय.
रेवी परत पलीकडे निघाली.
पंधरा.