मध्यंतरापर्यंत

कॉलेज रोडवर रात्री पावणेबाराला
सिनेमा सुटला आणि आम्ही चौघी
जिन्यातच भांडायला लागलो.

नायिका त्रेचाळीसची. तिची मान मात्र
कुठल्याही कोनातून तिशीचीच.
अर्धा सिनेमा दोघं नुसते फिरतात,
रागावतात, कॉफी सांडतात, लग्न करतात.
मग एकाच सकाळी तिला बढतीचं पत्र
आणि बाथरूममधल्या पट्टीवर दोन रेघा.
मध्यंतराची पाटी नेमकी त्या रेघांवर.
पुढे नवरा आधी बेशुद्ध, मग गिटार,
विमानतळ, गैरसमज, सासू,
आणि बाळ, अडीच मिनिटांत,
पार्श्वसंगीतासह.

शर्मिष्ठा म्हणाली, थट्टा आहे ही.
आमच्या शाळेत पालकसभेला एक बाई येतात, पन्नाशीच्या.
शिपाई दरवेळी विचारतो,
आजी, नात कुठल्या वर्गात?
त्या वर्ग सांगतात.
नातं सांगत नाहीत.
यावर गाणं करून दाखवा म्हणावं.

केतकीला आवडला. ती एकोणतीसची,
आमच्या अंबडच्या कारखान्यात मशीनचे प्रोग्रॅम लिहिते.
'उद्याच आईला तिकीट काढून देते,
म्हणजे कळवणची स्थळं दोनेक वर्षं तरी
दिंडोरीच्या अलीकडे यायची नाहीत.'
'आणि दोन वर्षांनी?'
'तोवर दुसरा सिनेमा येईल.'

मग माझी पाळी. मी पगार.
आडनाव माहेरचंच; बदललं नाही.
सासरे अजून पाहुण्यांना सांगतात,
सुनेने सगळं सोडलं, पगार काही सोडला नाही.
मायक्रोमीटरवर माझं पोट चालतं.
दोन शतांश इकडेतिकडे झालं तर चालतं,
किती चालतं ते ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं.
बेचाळिसाव्या वर्षी ईरा झाली
तेव्हा ड्रॉइंगच नव्हतं.

नायिका लेबर रूममधून फोनवर मीटिंग घेते
तिथे अख्खं थिएटर हसलं.
मी घेतली होती.
कळा सुरू, आणि चाकणच्या गिऱ्हाइकाने
चारशे बुश परत पाठवलेले.
तो ओरडत होता, भोक मोठं आहे, मॅडम, भोक मोठं,
आणि नर्स म्हणत होती, अजून लहान आहे, अजून लहान.
तेव्हा कोणी हसलं नव्हतं.
आज मी हसले, पॉपकॉर्न नाकात जाईपर्यंत,
मग पुढची दहा मिनिटं पडद्यावर काय झालं
मला विचारू नका.

'म्हणजे आवडला की नाही?'
'मधली तीन वर्षं कुठे गेली?' मी म्हणाले.
'ताप, पाळणाघराचा फोन, माझी कंबर.
शेवटी ती केबिनमध्ये, कडेवर बाळ,
आणि खांद्यावर दुधाचा एक डाग नाही.'
'सिनेमा आहे गं.'
'माहीत आहे.'
त्याच दृश्याला मी रडले होते
ते मात्र सांगितलं नाही.

दमयंती पर्समध्ये चावी शोधत होती.
सिनेमाभर सगळ्यांत मोठ्याने तीच हसली,
मागच्या रांगेने शुक्‌शुक् केलं इतकी.
कॅनडा कॉर्नरच्या त्या दवाखान्यातले तिचे पाच हेलपाटे
मला ठाऊक आहेत. दोनदा गाडी मीच चालवली.
परतताना ती दरवेळी मेथी घ्यायला थांबायची,
जणू तेवढ्यासाठीच निघालो होतो.

'आणि तुला?' केतकीने विचारलं.
केतकीला काही माहीत नव्हतं.
दमयंतीने चावी लावली, आरसा सारखा केला.
'मध्यंतरापर्यंत छान होता.'
'अगं, मध्यंतरापर्यंत तर दोघं नुसते फिरत होते!'
'हो ना,' दमयंती म्हणाली.

फाटकावर पार्किंगवाल्याने विचारलं,
कसाय पिक्चर, ताई? बायकोला आणू का?
आम्ही चौघी एकदम बोललो.
त्याने एकेका काचेत वाकून पाहिलं,
तीस रुपये घेतले
आणि दांडी वर केली.