जोडवं

उद्यमबागेत तिसऱ्या गल्लीला शिवलिंग बडिगेरचं शेड.
"बर्री, बर्री," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला,
"कुठला ट्रॅक्टर?"
सातेरीनं माझ्याकडं बघितलं.
मी पिशवीतनं दोन पिना काढल्या,
ग्रीस पुसून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या,
आणि त्याच्या टेबलावर ठेवल्या.
ही कल्टिव्हेटरची, बावीसची.
ही रोटाव्हेटरची, अठ्ठावीसची.
ट्रॅक्टर पस्तीसचा.
आता बोला.

भिंतीला टेकून दोन तऱ्हा उभ्या होत्या.
एक चौकोनी, वर आकडा, खाली दोन जबडे,
दोरी ओढली की आ करणारे.
आहे ती अवजारं आहेत तशी धरते म्हणे.
पण जड. दोघांना हलली नाही.
आमचा ट्रॅक्टर अंगानं बारीक,
बांध चढताना पुढची चाकं उचलायची सवय त्याला आधीच.

दुसरी त्रिकोणी.
आईनं पोराच्या डोक्यातनं झबलं घालावं
तशी अवजारावरच्या त्रिकोणात खालून शिरते,
वर खिट्टी पडते, झालं.
हलकी. स्वस्त. पण प्रत्येक अवजाराला
तिची जोडीदारीण वेल्डिंग करून घ्यायची.
आमची अवजारं पाच.

मी विचारलं, चौकटीमुळं अवजार चार बोटं मागं सरकणार,
रोटाव्हेटरचा शाफ्ट तेवढा पुरतोय काय?
बडिगेरनं चष्मा कपाळावर घेतला.
त्यानंतर तो माझ्याशीच बोलला,
निम्मं कन्नड, निम्मं मराठी,
आकडे मात्र मिलिमीटरात.
बाहेर बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा
यावर गल्लीत भांडण चाललेलं;
आत व्हर्नियरच्या दोन दातांत
पिन मुकाट्यानं बावीस भरली.

सतरा वर्षं मी ट्रॅक्टर आणि लोखंडाच्या मधी उभी राहिलेय.
तो मान वळवून मागं येणार,
मी हातानं सांगणार:
तळवा म्हणजे ये, दोन बोटं म्हणजे दोनच बोटं,
मूठ म्हणजे थांब.
तोंडानं सांगून इंजिनाच्या आवाजात काय कळतंय?
मग वाकायचं, भोक भोकाला आणायचं,
पिन हातोडीनं ठोकायची.
एकदा मुठीनंतरही तो वीतभर आला.
कल्टिव्हेटरचा पाय माझ्या पायावर.
चांदी वाकली म्हणून बोट वाचलं, असं डॉक्टर म्हणाला.
बोट सुजलंय, चांदी कापावी लागंल, असं सोनार म्हणाला.
त्या पायात परत जोडवं घातलं नाही.
सातेरी आठ दिवस ट्रॅक्टरवर बसला नाही,
नवव्या दिवशी बसला.
भात काय आमच्यासाठी थांबतंय?

"त्रिकोणी," मी म्हटलं.
सातेरीनं बोटं मोजली.
"लेव्हलरला नको. वर्षातनं एकदा तर लागतोय."
"त्यालाबी लाव."
"उगंच खर्च."
"एकदाच्या दिवशी कोण उभं राहणार?"
तो गप्प झाला.
बडिगेरनं वहीत पाच लिहिले.

येळ्ळूरच्या खालच्या शेतात पहिल्यांदा जोडलं
तेव्हा मी लांब बांधावर, चहाची किटली घेऊन.
तो मागं आला, थोडा तिरका,
पुढं गेला, परत आला.
टक्क.
खाली उतरलासुद्धा नाही.
वरनंच ओरडला,
"बघितलीस काय, जोडवं बसलं की!"
दिलेलं नाव गावात तेच पडणार, मला कळलं.
हसताना लक्षात आलं,
माझी उजवी मूठ वर उचललेली होती,
कधीपास्नं कोण जाणे,
आणि त्यानं ती बघितलीच नव्हती.

मूठ सोडली. चहा ओतला.

शाफ्ट मात्र दीड बोट आखूडच निघाला.
सांगितलं होतं मी.
बुधवारी परत उद्यमबाग.