टिमकीतलं राज्य

रात्री साडेअकराला कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
मी एक राजा निवडते.
सन एक हजार सहासष्ट. नकाशात नागपूर नाही.
वैनगंगेच्या अलीकडे एक बिनमहत्त्वाचा हिरवा तुकडा,
तेवढा घेते.
घराण्याचं नाव विचारतात. पौनीकर, टाइप करते.
निशाण हवं धोट्याचं. यादीत धोटा नाही,
म्हणून मासा घेते. लांबून तसाच दिसतो.

मग संस्कृती.
खिडकी उघडते, तिच्यात नावं, नावांपुढे फायदे:
डोंगरात लढाई सोपी, विहिरी स्वस्त, घोडे चांगले.
हवी ती घ्या. पुढे बदलायची तर थोडी प्रतिष्ठा खर्च होते
आणि दरबारातला एक म्हातारा दहा वर्षं रुसतो.
बस्स.
कोणी मागत नाही पणजोबांच्या शाळेचा दाखला
पन्नास सालाआधीचा,
ज्यात कारकुनानं एका शब्दाऐवजी दुसरा लिहिला
आणि भोजराजदादा सोळा वर्षं पडताळणीच्या कार्यालयात
तीच फाइल मांडीवर घेऊन बसला.
फाइलीला आता त्याच्या मांडीचा बाक आलाय.

मी क्लिक करते. दुसरीच कोणी होते.
परत क्लिक. परत तीच.
असं पाच-सहा वेळा, उगाच.

वारसाहक्क वेगळ्या पानावर आहे.
पहिला कायदा आधीच लागू असतो, फुकट:
राजा गेला की राज्य मुलांमध्ये फाटतं.
हा मला कोणी समजावून सांगायला नको.
बाबांचे माग दोन, एकेकाला एकेक,
मधे विटांची भिंत,
आणि फण्या मोजताना एक जास्त निघाली
म्हणून दिवाळीला बोलणं बंद.
दुसरा: थोरला सगळं घेतो, धाकटे विष शोधतात.
तिसरा: वयानं सर्वांत मोठा, म्हणजे गादीवर कायम दमा.
पार तळाशी, राखाडी अक्षरांत:
थोरलं अपत्य, मुलगा असो की मुलगी.
त्याची किंमत बघून मी पंखा वाढवला.

चाळीस वर्षं लागली.
मी विहिरी खणल्या, एक किल्ला तीनदा जिंकला,
एका जावयाला तुरुंगात ठेवून गोड बोलले.
इकडे पावणेदोन वाजले. क्लिक केलं.
सरदार नाराज आहेत, लाल अक्षरं म्हणाली.
असू दे.
मुलीचं नाव हेमलता ठेवलं होतं. माझंच.

सोमवारी अकराला रजिस्ट्रार ऑफिस.
लीलाधर कागद देऊन गेला, फ्रीजवर आहे,
लोणच्याच्या बरणीखाली. हक्कसोडपत्र.
"तुले काय करायचं आहे वं घराचं?
सही करून दे, बाकी आम्ही पायतो."
हाव, म्हटलं मी. तोंडात तर्रीपोहे होते.
गांधीबागेच्या डेपोत मी दिवसभर औषधांची बिलं तपासते,
एका शून्यासाठी ट्रक अडवते.
आणि इथे नुसतं, हाव.

राजा शिकारीत पडला. डुकरानं नव्हे, पायरीवरून.
हेमलता पहिली, वय सतरा, फौज नऊशे.
दोन्ही काका उठले. त्यांची चार हजार.
तेवढ्यात लाइट गेली,
यूपीएस ओरडायला लागला,
मी स्पेसबार दाबला आणि सगळे जागच्या जागी थांबले,
भाले वर, घोड्याचा एक पाय हवेत.
आत कूलर बंद, गल्लीतले मागही बंद.
टिमकी इतकी गप्प मी क्वचितच ऐकलीय.

मोबाइलच्या उजेडात बरणी उचलली, कागद घेतला.
खाली तेलाचा गोल.
चौथ्या ओळीत: मी कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशिने.
शी ऱ्हस्व.
पेन शोधलं.
कारकुनाच्या चुकीचं काय होतं, आमच्या घराला माहीत आहे.
वेलांटी खोडून दीर्घ केली, नीट, ठळक,
शाई जरा फुटली.

खाडाखोड झालेला कागद तिथं घेत नाहीत,
दादानंच सांगितलं होतं. सोळा वर्षांत
तेवढं तरी त्याला पक्कं कळलंय.