आठ इंच

सुमोच्या पोटाखाली आठ इंच असतात.
मला हे सातव्या वर्षी पाठ होतं,
सातच्या पाढ्याच्या आधी.

चाकांवरचे पाय दोन्हीकडे फाकवायचे, सपाट,
छाती खाली, हनुवटी डांबराच्या बोटभर वर,
आणि जायचं.
एकामागे एक सत्तावीस गाड्या.
वर गंज, वाळलेला चिखल,
कुणाच्या तरी सायलेन्सरला अडकलेली उसाची पात.
दोन्ही बाजूंना नुसत्या चपला.
माणसं मला शेवटच्या गाडीनंतर दिसायची,
आधी गुडघे, मग टाळ्या, मग तोंडं.

कॅम्पातल्या रस्त्याला त्या रविवारी दोर बांधला होता.
कुमारी अक्षता कडोलकर! माईकवाला ओरडला,
मराठीत, मग कन्नडमध्ये.
दोन्ही भाषांत माझं वय
एका वर्षानं कमी सांगितलं.

एका मंडळानं फेटा बांधला. आमची लेक, म्हणाले.
दुसऱ्या संघानं म्हैसुरी पेटा घातला. नम्म हुडुगी, म्हणाले.
दोन्ही मोठ्यांच्या मापाचे,
दोन्ही डोळ्यांवर घसरायचे.

शहापुरात बॅनर लागला.
पुढचे दोन दात पडलेले होते माझे,
छपाईवाल्यानं भरून काढले.
मी घरी येऊन आरशात बघितलं.

आप्पा वडगावात मागावर.
मालकानं त्यांना पहिल्यांदा खुर्ची दिली.
आप्पा तिच्यावर बसले,
पण टेकले नाहीत.

दर अमावास्येला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची मी.
पेन्सिलीची रेघ.
रेघ वर गेली की आप्पा जेवताना बोलायचे नाहीत.
आधी दूध बंद झालं, मग रात्रीचा भात.
सर म्हणाले, दांड्याला लटकू देऊ नका हिला.
आई अंधारात भाकरीत चटणी गुंडाळून
माझ्या उशाशी ठेवायची.
मी ती खायची आणि रडायची,
आता वाढणार म्हणून.

सौंदत्तीच्या डोंगरावर एवढी माणसं,
प्रत्येकाला काहीतरी मोठं करून हवं होतं.
मी म्हटलं, यल्लम्मा, मला एवढीच ठेव.

अकराव्या वर्षी, हुबळीच्या मैदानात,
चौथ्या गाडीखाली पाठ अडकली.
जॅक लावून गाडी उचलेपर्यंत
मी चपला मोजत होते. काही निघून चालल्या होत्या.
त्याच आठवड्यात मला बाजूला बसवलं.
आई शिऱ्यासाठी रवा काढायला उठली,
आप्पा म्हणाले,
कशाचं गोड?

पुढच्या साली बॅनरवर अनगोळचा एक पोरगा होता.
सहा वर्षांचा.
त्याचेही दात पूर्ण.

आता मी उद्यमबागेत, फौंड्रीच्या डिस्पॅचला.
खुब्याचा एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टरांनी वय विचारलं.
मी खरं सांगितलं.
त्यांनी पुन्हा विचारलं.
सगळ्यात मोठ्या कपात आई कपड्यांचे चिमटे ठेवते.
आणि आप्पा, हाक मारतात ते बहुतेक एवढ्यासाठीच:
माळ्यावरचा डबा काढ की गे,
तुझा हात पोचतोय.

काल गल्लीत मल्लाप्पाच्या नातवाचा चेंडू
उभ्या गाडीखाली गेला.
अक्का, तू काढ की. तू मोबाईलवर जातीस बघ, सुर्रकन.
मी बॅग कट्ट्यावर ठेवली, ओढणी कमरेला बांधली,
आडवी झाले.
डोकं गेलं. एक खांदा गेला.

चेंडू दिसत होता, पलीकडच्या चाकाजवळ.
वरून ऑइलचा एक थेंब कानामागे पडला, कोमट,
तसाच.
बाहेर त्याच्या निळ्या स्लिपर एकदा इकडे, एकदा तिकडे.

मिळाला काय, अक्का?

थांब, म्हटलं.
थांब जरा.